लोकर आलेली नाव

माकणी, वैशाख वद्य पंचमी, सन १३५५ फसली

दोस्त गफारमियाँ यांस,

तेरणेकाठच्या माणिकप्पाचा सलाम आणि रामराम. (दोन्ही घे. हैदराबादेत गेल्यापासून तुला कुठला चालतो ते कळत नाही.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच, कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याला काय धाड भरलीय! इकडं तुझ्या अम्मी, आमच्या चाची, खुशाल आहेत, मीही खुशाल आहे, फक्त सिदू धनगर माझ्याशी बोलत नाही. त्याचीच हकीकत लिहायला बसलो आहे.

तू लिहिलंस की अब्बा गेले, आता नाव चालवणारं कुणी नाही, भीमेकाठचा शिवलिंगप्पा शुक्रवारी ती विकत घ्यायला येतोय, तेवढं मेण लावून चकचकीत कर. तेवढं! लिहिणाऱ्याचं काय जातं? अरे, त्या 'तेवढ्या'त आपलं अख्खं लहानपण गेलं. दर वैशाखात तुझे अब्बा, आमचे पाशाचाचा, घाटावरच्या कडुलिंबाखाली नाव पालथी घालत. चाची चुलीवर जवसाच्या तेलात मेण कढवत. एका बाजूला तू, एका बाजूला मी, हातात घोंगडीचे तुकडे, आणि नावेचं पोट घासून घासून आपली पोटं खपाटीला जात. (तुझी बाजू नेहमी मंद राहायची, कारण तुझा हात कमी आणि तोंड जास्त चालायचं.) नाव उन्हात ओढू, मेण आपोआप पसरेल, असं मी दरसाल सुचवायचो. चाचा म्हणायचे, "धूप में नको बेटे, छाँव में." शेवटी त्या तळात तोंड दिसायला लागलं की ते आधी आपली दाढी विंचरून घेत आणि मग आपल्याला गूळ देत. गफार, अजून कुणाकडं जवसाचं तेल तापलं की मला चाचांची आठवण येते, आणि त्या दिवशी माझं कामात लक्ष लागत नाही.

पण आता माझा खांदा धरतो. (मागच्या पत्रात सविस्तर लिहिलं होतं, तू विचारपूसही केली नाहीस.) म्हणून कमी कष्टाची तोड काढली. घासायचं कशानं? घोंगडीनं. घोंगडी कशाची? लोकरीची. लोकर कुणाच्या अंगावर? मेंढराच्या. मग मधे विणकर आणि माझा खांदा कशाला? सिदूचा कळप दुपारी पाण्यावर जातो, त्या वाटेच्या मधोमध नाव पालथी घातली. दोन्ही अंगांना बाभळीच्या काट्या लावून एक मेंढरू जेमतेम जाईल एवढी बोळ ठेवली. मेण चांगलं जाड थापलं आणि भर उन्हात पसरू दिलं. सिदूला एवढंच सांगितलं, की इकडून पाणी जवळ पडतं.

पहिलं मेंढरू अंग घासत शिरलं आणि अडकलं. मागच्यांनी रेटा दिला. मेंढरांची जात तुला ठाऊक आहे, एक गेलं की सगळी जाणार. कातरणी तोंडावर आलेली, त्यामुळं अंगावर लोकरही भरघोस होती. ती निम्मी नावेनं ठेवून घेतली आणि मेण मेंढरांनी नेलं. पलीकडं निघालेला कळप असा चकाकत होता की सिदूला स्वतःची मेंढरं ओळखू येईनात. "माझी मेंढरं म्हंजी तुला पोतेरं वाटली व्हय?" एवढं बोलून त्यानं काठी उचलली. मी चाचींच्या पडवीत घुसलो. चाची तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाशाचाचा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी शिवलिंगप्पा आला. नावेभोवती एक चक्कर मारली, हात फिरवला, आणि ही पाण्यात सोडायची का कातरायची, एवढंच विचारलं. साफ झाल्यावर कळवा, मृगात पुन्हा येतो, असं सांगून गेला. सगळा दोष माझ्या अकलेचा आहे, तो पोटात घाल.

तुझा,
माणिकप्पा

ता. क. मेंढरांची तोड माझी नव्हती. चाचींनी सुचवली. "उन्हात घे नाव, माणिक, आन सिदूची मेंढरं बोलव," म्हणाल्या. मलाही तेव्हा ती फार हुशारीची वाटली. आता विचार करतो, ज्या बाईनं जन्मभर नवऱ्यासाठी मेण कढवलं, तिला उन्हात लोकर चिकटते हे ठाऊक नसेल होय?

आणखी एक. नाव विकू नको, असं त्या तुला कधीच कळवणार नाहीत. मुलाच्या शब्दाबाहेर जायचं नाही, म्हणतात. पण रोज सांजेला घोंगडीचा जुना तुकडा घेऊन कडुलिंबाखाली, चाचा बसत तिथं बसतात. शिवलिंगप्पाला नाही म्हणून लिही, आणि मृगाच्या आत ये. नाव पुन्हा सावलीत घेतली आहे. माझ्या बाजूची लोकर मी खरवडून काढली. तुझी बाजू तशीच केसाळ ठेवली आहे.