कानातला गाउदेन्सिओ

३ मे, शुक्रवार
उद्या पर्यटकांची यंदाची पहिली बस डोंगर चढून येणार. सरपंच बेनिताबाईंनी मला 'अधिकृत गाइड' असं पत्र अजून दिलेलं नाही. राहिलं असेल. अकरा वर्षं गाव दाखवतोय तो मीच, एलादिओ.

४ मे
बत्तीस माणसं. सगळ्यांच्या कानात काहीतरी खुपसलेलं. मी बुरुजाचं सांगायला तोंड उघडलं, तर एक बाई आधीच हसली.
बेनिताबाई म्हणाल्या, "ऑडिओ गाइड आहे, एलादिओ. तुझ्या घशाला आराम."
माझ्या घशाची केवढी काळजी! यंत्र आठवड्यात बिघडेल.

११ मे
बिघडलं नाही.
एका म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. सैनिक आले तेव्हा गावाने चर्चची घंटा शेणात लपवली आणि प्रार्थनेला कढई बडवली, ती गोष्ट सुरू केली. तो म्हणाला, "ऐकली की. तिसऱ्या थांब्यावर."
ती गोष्ट मी स्वतः रचलेली आहे! गावात फक्त गाउदेन्सिओला सांगितली होती, त्याच्याच बारमध्ये.

संध्याकाळी
गाउदेन्सिओ ग्लास पुसत होता. म्हणाला, "हो, आवाज माझाच. तू चार तास रेकॉर्ड केलं असतंस, म्हणून बेनिताने मला सांगितलं."
"गोष्टी माझ्या आहेत!"
"वीस वर्षं ऐकल्यात रे मी. थोड्या माझ्या नाही झाल्या?"
बालमित्र म्हणे! वाइन तशीच टाकून उठलो. (अर्धी.) संबंध संपले.

१४ मे
दुसरा बार चौदा किलोमीटरवर. म्हणून फक्त कॉफीपुरता गेलो. मी बोललो नाही. तो बोलला.

१८ मे
टोपी डोळ्यांवर ओढून यंत्र घेतलं. चुका टिपायला वही. एकही सापडली नाही. माझ्या चुकासुद्धा जशाच्या तशा.
सातवा थांबा, चर्चच्या पायऱ्या. गाउदेन्सिओचा आवाज: "इथे टाय लावलेला एक गृहस्थ भेटेल. बायको गेल्यापासून रोज इथेच असतो. आत्तापर्यंत ऐकलंत ते सगळं त्याचं. पाच मिनिटं त्याच्यापाशी थांबा. खरं मानू नका, पण ऐका."
खाली पाहिलं. टाय होता.
गद्दार.

१९ मे, रविवार
ऐतिहासिक स्थळांच्या यादीत माझं नाव नाही, पण नंबर आहे. नऊलाच पायऱ्यांवर जाऊन बसलो.
अकराला अठ्ठावीस जण आले. कानातली यंत्रं काढून अर्धगोलात उभे राहिले. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे. मी कढईपर्यंत पोचलो, तोच एकाने घड्याळ पाहिलं, "फार छान" म्हणाला, आणि सगळे आठव्या थांब्याकडे वळले.
आठवा थांबा गाउदेन्सिओचा बार. तिथे ते जेवणापर्यंत बसले.