डेल्फिनचे जॅकेट

२ मार्च

अखेर ते पूर्ण झाले, आणि अर्थातच डेल्फिनला मिळाले!

सगळा हिवाळा मावशीच्या हातमागावर ते कापड वाढत होते. लाल, काळे, राखाडी, मधोमध पायऱ्यापायऱ्यांची चौकट. मला वाटले, घोंगडे असेल, विकायचे असेल. तर तिने कात्री घेऊन त्याचे घोडेस्वारांसारखे जॅकेट शिवले! कमरेपर्यंत आखूड, खांद्यावरून छातीवर उतरणारी दोन टोके, आणि मामाने घडवलेली चांदीची बटणे, प्रत्येकात पिरोज्याचा एक ठिपका. हाताने विणलेले कापड कापायला मावशीचा हात धजला कसा? लेकीसाठी धजला.

"छान आहे," एवढेच मी म्हणाले.

"तुलाही शिवलं असतं गं," मावशी म्हणाली, "पण तू घालून जाणार कुठे? पुस्तकात?"

सगळे हसले. मीही हसले. शाळेत पहिली येणाऱ्या मुलीला एवढे तरी जमले पाहिजे.

५ मार्च

डेल्फिन आज जॅकेट घालून मेंढ्या चरायला घेऊन गेली. मेंढ्या!

९ मार्च

चिनली गावच्या बाजारात तिला दहा पावलेही धड चालता येईना. जो तो थांबवतो. "कुणी विणलं गं?" "मागून दाखव बघू!" ती गिरकी घेते, खिशात हात घालते आणि आळसावल्यासारखी म्हणते, "आईनंच विणलंय." मी शेजारीच उभी. एका बाईंनी माझ्याकडेही वळून पाहिले. मी श्वास रोखला. त्यांनी विचारले, "हे मक्याचं पोतं तुझं का?"

माझे नव्हते.

१४ मार्च

ताईचे बाळ, नोलन, आता माणसे ओळखू लागले आहे. डोळे रोखून बघतो, ओठ हलवतो, पण अजून आवाज काढून हसलेला नाही. ताईने सगळ्यांना बजावले आहे: "उगाच गुदगुल्या करू नका कुणी. आपली रीत ठाऊक आहे ना? जो याला पहिल्यांदा हसवेल त्यानं मेंढी कापायची, जेवण घालायचं, आणि याचा हात धरून सगळ्यांना मीठ वाटायचं. आणि हा होणार त्याच्याचसारखा. तेव्हा विचार करून या जवळ!"

मामाने लगेच टोपी नाकापर्यंत ओढली. "माझ्याकडे बघू नकोस रे बाबा. तुझी आई जन्मभर म्हणेल, मामासारखा चिकट निघाला."

"टोपी काढ, तशीच जास्त विनोदी दिसतेय," मावशी म्हणाली.

त्याने माझ्याकडे हसावे, असे मला फार वाटते. कुणाला सांगणार नाही. एकदा तरी काहीतरी आधी माझ्याकडे यावे.

१८ मार्च

हे फक्त इथेच लिहिते आहे.

दुपारी ताई आणि डेल्फिन पिकअपमधून पाणी भरायला गेल्या. ऊन होते म्हणून डेल्फिनने जॅकेट खुर्चीवर टाकले. बाळ फळीच्या पाळण्यात बांधलेले, भिंतीशी टेकवून ठेवलेले. घरात दुसरे कुणी नाही.

मी ते घातले.

खांद्यांवर किती नेमके बसले! जणू माझेच माप घेतले होते. आरशासमोर गेले. खिशात हात घातले. गिरकी घेतली. तिच्याच आळसावल्या आवाजात म्हणाले, "आईनंच विणलंय!" आणि तोंड वाकडे केले. तिचे तोंड. मनातले सगळे विष त्या तोंडात आले असणार.

आणि मागे बाळ हसले. खळखळून. आवाज काढून.

क्षणभर असा आनंद झाला की काय सांगू! मग कळले की तो कशाला हसला. चोरून दुसऱ्याचे कपडे घातलेल्या, मत्सराने वेडावून दाखवणाऱ्या मुलीला! हा आता तसाच होणार.

गाडीचा आवाज आला. मी जॅकेट काढून खुर्चीवर टाकले.

"रडला का गं?" ताईने विचारले.

"नाही," मी म्हणाले. तेवढे तरी खरे होते.

१९ मार्च

डेल्फिनने बाळासमोर मेंढीसारखे ओरडून दाखवले. तो हसला. "हसला! माझ्याकडे हसला!" ती ओरडत बाहेर धावली. मामा म्हणाला, "झालं! मेंढी तुझी!" ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

तो काल हसला होता, हे मी सांगितले नाही. कसे बोलणार? पहिला प्रश्न येणार: तू तेव्हा काय करत होतीस?

मनात एक नीच विचार आला, तोही लिहिते: माझे हसू तिने घेतले. जॅकेट तिचे, हसूही तिचेच!

२०, २१ मार्च

वाचन नाही. काही नाही.

२३ मार्च

मेजवानी झाली. मटणाचा रस्सा, तळलेल्या रोट्या, निळ्या मक्याची लापशी, दारापर्यंत माणसे. डेल्फिन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या मुठीत खडेमीठ, तिच्या हातात त्याची मूठ. एकेक जण ताट पुढे करी, बाळाच्या हातून मीठ पडे. माझी पाळी आली. मला ते मीठ गिळवेना.

मग बाळाच्या हातून पाहुण्यांना भेटवस्तू. कुणाला पीठ, कुणाला सफरचंदे. शेवटी डेल्फिनने अंगातले जॅकेट काढले, बाळाचा तळवा त्यावर ठेवला आणि मला हाक मारली. "इकडे ये. हे नोलनकडून."

मी जागची हलेना.

"घे ना! तू या जॅकेटकडे कशी बघतेस, दिसत नाही का मला?"

मला वाटले, मावशी रागावेल. ती शालीचे टोक डोळ्यांना लावून म्हणाली, "बघा, आत्तापासूनच कसा देता हात झालाय त्याचा! डेल्फिनवर गेला."

सगळ्यांसमोर मी ते घातले. खांद्यांवर दगड ठेवल्यासारखे वाटले. आणि अजूनही, देवांनो, अजूनही मनात हेच, की देण्यातसुद्धा ती माझ्या पुढे गेली!

पण बाळाचे काय? चुकीच्या हाताने त्याचे मीठ वाटले गेले. हे एकट्या मला ठाऊक आहे.

२५ मार्च

ताईला सांगितले. आरसा, गिरकी, वेडावणे, सगळे. ती बाळाचे पाय चोळत होती.

"मग पुन्हा करावं लागेल," ती म्हणाली. "या खेपेला त्याचा हात तू धरायचास."

"ताई, तो माझ्यासारखा झाला तर?"

"होऊ दे. जळेल, आणि मग येऊन सांगेल."