अल्बारिन्योची छाटणी

प्रिय अप्पा,

आधी एक दुरुस्ती. तुमच्या शोकसभेत मी सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या मांडवावरची द्राक्षवेल सॉव्हिन्यों ब्लाँ जातीची. चुकलं. परवा तुमच्यासोबत द्राक्षमळ्यात काम करणारा टामा घरी आला आणि खोड चाचपून हसला. "ही अल्बारिन्यो! वाईनची पांढरी जात, मूळची स्पेनच्या पावसाळी किनाऱ्यावरची. तुझ्या वडिलांनी हट्टानं मागून घेतली. म्हणायचे, इथं पापाकुराच्या पावसात हीच टिकेल."

मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं तिच्याखाली जेवलो आपण! वेलीचं चुकीचं नाव सांगून तुम्हाला निरोप दिला, हे डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

संध्याकाळी मांडवाखालून कात्रीचा आवाज येतो. कट. थोडं थांबून पुन्हा कट. बाहेर कुणी नसतं. काल मटार सोलता सोलता आईनं विचारलं, "ऐकलंस?" मी "नाही" म्हटलं. ऐकलं होतं, अप्पा.

एप्रिलमध्ये निफाडहून आबाकाकांचा फोन आला. "पोरी, खरड छाटणी झाली का? का तिकडं वेलीलाही सुट्टी?" आई लगेच कात्री घेऊन बाहेर! मी आडवी आले. नाशकात वेल झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमधली ती खरड छाटणी. इथं ती जून-जुलैच्या थंडीत झोपते, आणि झोपल्यावर एकदाच छाटायची, हे तुम्हीच शिकवलंत ना? तेव्हा पानं हिरवी होती, मुळांना पोसत होती.

"तुझे अप्पा असते तर..."

"अप्पा असते तर जुलैपर्यंत थांबले असते!"

आईनं कात्री माझ्या हातात कोंबली. "मग तूच छाट. वाळली तर तुझ्यावर."

आता पानं गळलीत, काड्यांचं नुसतं जाळं उरलंय. दर हिवाळ्यात तुम्ही बोट ठेवायचात, मी कापायचे. कुठल्या दोन काड्या ठेवायच्या, हे एकदाही मला ठरवू दिलं नाहीत! "पेन्सिलीएवढी जाड, खोडाजवळची," एवढं पाठ आहे. पण तशा कितीतरी आहेत. एकेकीवर बोट ठेवते, आणि मागे कुणीतरी श्वास रोखून उभं असल्यासारखं वाटतं. तुम्ही आहात का? मग बोला ना!

टामा म्हणाला, "मी करून देतो." मी नको म्हटलं. तुमच्या उत्तराचीही वाट बघणार नाही. दोन काड्या मी निवडेन, बाकीच्या कापेन. ओल्यात छाटलं की जखमेतून रोग शिरतो, म्हणून हवामान बघून ठेवलंय. कोरडा दिवस एकच दिसतोय: रविवार, बारा जुलै.

तुमची,
मनू