वाचनालयाच्या चढासाठी इंजिन

३ जून, सकाळी ६
गुडघे उत्तम आहेत. चढच वाढलाय. डांबरावर डांबर ओतत राहिले, दुसरं काय होणार? वाचनालय नेमकं चढाच्या टोकाला. नऊच्या ठोक्याला कुलूप उघडणं ही बावीस वर्षं माझी जबाबदारी. काल सव्वानऊ झाले. कार्यवाह म्हणाले, बाई, पुन्हा उशीर झाला तर किल्ली समोरच्या शिंप्याकडे देऊ. शिंप्याकडे! आयुष्यात एक ब्लाउज वेळेवर दिला नाही त्याने.
निश्चय: सायकलला इंजिन बसवायचं.

४ जून
सून म्हणाली, आई, मी स्कूटरवरून सोडते की रोज. मी काय गॅसचा सिलेंडर आहे, पोचवायला? सायकल दादाची. कॉलेजात असताना मी ढापली, अजून परत मागितलेली नाही. असं पोलाद आता मिळत नाही.

७ जून
तीन किट पाहिली. शंभरपैकी गुण दिले.
बॅटरीचं: आवाजच नाही. तोंड न उघडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ३५.
फोर-स्ट्रोक: दोरी ओढून सुरू करायचं. भर रस्त्यात हिसके देत उभी राहू? ४८.
टू-स्ट्रोक: दोरी नाही, बॅटरी नाही, दांडीखाली चपखल बसतं. ९१.
मेकॅनिक माझाच विद्यार्थी. बाई, दोरीवालं घ्या, असं तीनदा म्हणाला. महागातलं गळ्यात मारतोय. सातवीतही असाच होता.

१५ जून
इंजिन बसलं. मेकॅनिक क्लच, पेडल असं काहीबाही सांगत होता. म्हटलं, मला शिकवू नकोस.

१६ जून, ९.५०, वाचनालय
हे इंजिन सुरू करायला आधी जोरात पेडल मारून वेग घ्यावा लागतो. चढावर! मेकॅनिक म्हणतो, बाई, तेच तर सांगत होतो. मग मोठ्याने सांगायचं. इंजिनासकट सायकल ढकलत आणली. कार्यवाह दारातच उभे. किल्लीसाठी हात पुढे केला.

१७ जून
किल्ली शिंप्याकडे. तात्पुरती. आज मी सायकल ढकलत पोचायच्या आधीच, नऊला पाच कमी असताना, त्याने उघडलं म्हणे.
तरी निवड माझी अचूक होती. उतारावर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. चार मिनिटांत घरी.
सव्वानऊ वाजलेत. घरी काहीच काम नाही.