देवी काढणाऱ्याचा राजीनामा

बारामती,
शनिवार, ता. २३ मार्च १९५७

तीर्थरूप माधवदादांच्या सेवेशी धाकटा मावसभाऊ नारायण याचा बारामतीहून साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगे धरावीत. उजव्या हाताचा अंगठा परवा एका मुलाने चावला असून तो फडक्यात गुंडाळलेला आहे. अक्षर वाईट आले आहे त्याचेही कारण तेच.) आम्ही इकडे ठीक, म्हणजे हिंडतोफिरतो आहोत. तुमचे गुडघे आणि वहिनींचा दमा आहेत तसेच असतील असे धरून चालतो, कारण त्यांना उतार पडला असता तर तुम्ही ते दोन पानभर लिहिले असते.

तुमचे पत्र मला इंदापूरच्या एस. टी. स्टँडवर मिळाले आणि मी ते लशीच्या पेटीवर बसून वाचले. त्यात तुम्ही विचारता, ‘नारायणा, नोकरीची थोडीच वर्षे राहिली, आता मागे वळून पाहताना काय वाटते? पुन्हा संधी मिळाली तर हाच मार्ग धरशील का?’ दादा, हा प्रश्न तुम्हांला पुण्याच्या कचेरीत पंख्याखाली सुचला असणार. इंदापूरच्या स्टँडवर मागे वळून पाहिले तर मुतारी दिसते. तरीही तुम्ही वडील, तुम्ही विचारले आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. उत्तर लांबेल. वहिनींना वाचून दाखवणार असाल तर त्यांना आधी काढा घेऊ द्या.

एकोणतीस साली आपण दोघे एकाच दिवशी एकाच साहेबापुढे उभे होतो हे तुम्ही विसरला नसाल. एक जागा कारकुनाची होती, एक देवी काढणाऱ्याची, म्हणजे गावोगाव हिंडून देवीची लस टोचणाऱ्याची. साहेबांनी मला आधी विचारले, कारण माझा सदरा धुतलेला होता. मी फिरतीची जागा मागितली. का मागितली हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एक तर, सायकल मिळेल असे वाटले (ती मिळाली, पण बेचाळीस साली आणि बिनघंटीची). दुसरे असे, की लोक आपल्याला डॉक्टर म्हणतील. तेवढे मात्र खरे झाले. अठ्ठावीस वर्षे लोक मला डॉक्टर म्हणताहेत. ‘आला बगा देवीचा डाक्टर,’ असे कोणीतरी वेशीवर म्हणतो आणि माझी सायकल चावडीशी टेकेपर्यंत गावात पाच वर्षांखालचे एकही मूल उरत नाही. कोणी उसात जाते, कोणी कडब्याच्या गंजीत, कोणी आजोळी. एका गावच्या पाटलांनी, आबासाहेबांनी, गावाची लाज राखण्यासाठी तीन मुले आणून दिली. तिघांच्या देवी काढल्या. मग आणखी तीन आली. त्यांच्या देवी काढायला बाही वर केली तर ताजे चार ओरखडे, तेही माझ्याच हातचे. तीच पोरे सदरे बदलून आली होती. आबासाहेब म्हणाले, “डाक्टर, तुमाला दंड पायजेत, मी दंड दिले. पोरं येगळी पायजेत हे कुठं म्हनला?”

नीरा-नरसिंहपूरला एकदा भर उन्हात जरा टेकावे म्हणून देवळाच्या ओवरीत गेलो. नुसता बसलो होतो, पेटीसुद्धा उघडली नव्हती. एका बाईने मला ओळखले, लेकरू पदराखाली घेतले आणि दुसरीला खूण केली. पाच मिनिटांत ओवरी रिकामी झाली. पुजारी सज्जन माणूस. त्यांनी मला प्रसाद आणून दिला आणि फार हळू आवाजात विचारले, की दर्शनाला येण्यासाठी मला गर्दी नसलेला एखादा वार सोयीचा पडेल काय. मी देवालाही नकोसा झालो असे मला म्हणायचे नाही, पण पुजाऱ्यांना झालो होतो.

घरची गत तुम्हांला ठाऊक आहेच. गल्लीतल्या बायका मुलांना ‘गप जेव, नाहीतर नारायणराव येतील’ असे सांगून भरवतात. मंदाकिनीने हे सव्वीस वर्षे सोसले. परंतु मागल्या दिवाळीनंतर सुधाला पाहायला इंदापूरची माणसे आली, तेव्हा तिचाही धीर सुटला. मुलगा चांगला, शिक्षक. मुलाचा धाकटा भाचा बरोबर आला होता. मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आलो आणि त्याने मला पाहिले. तो जो खाटेखाली गेला तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. मुलाची आई खाली वाकून त्याला बाहेर बोलावत होती, त्या गडबडीत सुधाला कोणी धड पाहिलेच नाही. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. (पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.) त्या रात्री मंदाकिनी भांडली नाही, मोठ्याने बोललीही नाही. एवढेच म्हणाली, “सगळ्या तालुक्याची लेकरं रडवून तुम्ही घरी येता. आता आपलंही रडवलंत.” सुधा आतल्या खोलीत होती.

तेव्हा मी ठरवले, की अठ्ठावीस वर्षांपूर्वी चुकले ते आता दुरुस्त करायचे. भवानीनगरच्या साखर कारखान्यात टाईमकीपरची जागा निघाली होती. मी अर्ज केला. टाईमकीपरचे काम काय, तर फाटकाशी बसून कामगारांची हजेरी घ्यायची. दादा, विचार करा. माणसे आपण होऊन येऊन माझ्यापुढे उभी राहणार, आपण होऊन नाव सांगणार. मला हे स्वर्गसुखासारखे वाटले. शिवाय राहायला क्वार्टर, त्यात नळ, विजेचा दिवा. मंदाकिनीने दिव्याखाली बसून काय काय शिवायचे तेसुद्धा मनात धरले होते.

मुलाखत फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी होती. त्याच सकाळी माझी फिरती वरकुट्याला. म्हटले, सकाळी गाव उरकू आणि अकराची गाडी धरू. नेहमीप्रमाणे गाव रिकामे. शेवटचे घर प्रयागबाईचे. ही साठीची म्हातारी, सून बाळंतपणात गेलेली, मुलगा बागाईत पाहणारा, आणि चार वर्षांची नात झुंबर. तिची देवी आजवर तीनदा चुकली होती. प्रयागबाई दारातच म्हणाली, “पोरगी न्हाय जी घरात. मामाच्या गावाला गेलीया.” आणि तेवढ्यात आतल्या कणगीत कोणीतरी शिंकले. धान्याच्या कणगीला शिंक येत नाही हे मला कळते. प्रयागबाईलाही कळत होते. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मी तिच्याकडे.

एरवी मी उंबऱ्यावर बैठक मारतो. पाणी मागतो, पाऊसपाणी विचारतो, माझ्या दंडावरच्या खुणा दाखवतो. तासाभराने का होईना, दहांतली सहा मुले बाहेर येतात. हे एक काम मला येते. पण त्या दिवशी फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला, आणि मी वहीत ‘परगावी’ असे लिहून पेटी उचलली. तासभर बसलो असतो तर मुलाखत गेली असती. बसलो नाही.

मुलाखत उत्तम झाली. साहेबांनी विचारले, उसाचे गाडीवान दांडगे असतात, घाबरणार तर नाही? मी म्हटले, आजवर लोकच मला घाबरत आले आहेत. साहेब हसले. माझ्या नोकरीवर मला न दुखवता कोणी हसले, असे पहिल्यांदाच झाले. परत येताना मी मंदाकिनीसाठी गजरा घेतला. (तिने तो देवाला वाहिला. तिला वाटले, मी तो देवासाठीच आणला असणार.) मार्चच्या पहिल्या आठवड्यात नेमणुकीचा कागद आला, एक एप्रिलला रुजू व्हा. मी त्याच दिवशी राजीनामा लिहून पुण्याला तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकला.

तिसऱ्या दिवशी वरकुट्याहून बिरदेव धनगर सांगावा घेऊन आला. गावात कोणाच्या तरी लग्नाहून पाहुणा आला, त्याला ताप होता, आणि आता पाच घरांत देवी आल्या आहेत. मी विचारायच्या आधीच त्याने घरे सांगितली. प्रयागबाईचे घर तिसरे होते.

दादा, इथे विनोद करावा असे माझ्याजवळ काही नाही. मी बारा दिवस वरकुट्याच्या शाळेत मुक्काम करून होतो. झुंबरचे अंग तिळाएवढे रिकामे नव्हते. प्रयागबाई कडुलिंबाचा डहाळा हलवत बसायची. मी आलो की सरकून जागा करायची. मला वाटे, शिव्या देईल तर बरे. नवव्या दिवशी ताप उतरला. मूल वाचले. डावा डोळा मात्र पांढरा पडला होता. इंदापूरहून डॉक्टर (खरे डॉक्टर) येऊन गेले, त्यांनीही नकाराची मान हलवली.

त्या संध्याकाळी प्रयागबाईने मला विचारले, “तुमाला ठावं व्हतं न्हवं, पोरगी कणगीत हाय ते?”

मी हो म्हटले.

“मग वढून का न्हाय काढली भाईर?” ती म्हणाली. “मी अडानी. मी लपीवली. तुमी तर शिकल्यालं व्हता.”

गाडीची वेळ झाली होती, हे तिला सांगण्यासारखे नव्हते. अठ्ठावीस वर्षांत लोकांनी मला हाकलले, कुत्री सोडली, एकदा सायकलची हवा काढली. मी आत का आलो नाही, असे कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून माझ्यापुढे निघाली. दर घराच्या दारात उभी राहून एकच सांगायची, “लेकरू भाईर आना. न्हायतर माझ्या घरी या आन झुंबरीचा डोळा बगून जा.” कोणी डोळा पाहायला गेले नाही. शाळेपुढे रांग लागली. आया मुलांचे दंड उघडे करून उन्हात उभ्या. अशी रांग आपल्यापुढे एकदा तरी लागावी, असे मला एकोणतीस सालापासून वाटत आले होते. ती लागली, आणि मला मान वर करून तिच्याकडे पाहवेना. अंगठा चावणारा मुलगा त्याच रांगेतला. त्या दिवसातले तेवढेच मला ओळखीचे वाटले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. मी कारकूनच व्हायला हवे होते. ज्याला घाई होते अशा माणसाने टेबलाशी बसावे. तिथे चुकले तर कागद फाडता येतो, नवा लिहिता येतो. तुम्ही योग्य जागी बसलात, मी अयोग्य जागी हिंडलो, आणि हे कळायला मला एका पोरीचा डोळा लागला. एक एप्रिलला मी भवानीनगरला रुजू होत आहे. मंदाकिनीने ट्रंका भरल्या आहेत. सुधाने क्वार्टरच्या खिडकीसाठी पडदा शिवला आहे, आणि खिडकी केवढी आहे हे आम्हांला कोणालाच माहीत नाही. सर्वजण आनंदात आहोत असे समजावे. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्यांस तिळाचे तेल.

आपला आज्ञाधारक,
नारायण

ता. क. – वर लिहिलेला राजीनामा आवक कारकुनाकडून तुमच्याच टेबलावर येतो असे मला वाटते. चौतीस साली माझा रजेचा अर्ज तुमच्याकडे अकरा महिने सापडत नव्हता. तो जिथे होता तिथेच हा राजीनामा ठेवता आला तर पाहावे. तुम्हांला आजवर एवढे जमले आहे, आणखी एकदा जमावे. कारखान्याला नकार कळवणारे कार्ड मी लिहून खिशात ठेवले आहे, तुमचे उत्तर येईपर्यंत टाकत नाही.

दुसरी ता. क. – कारण विचाराल म्हणून लिहितो. वरकुट्याच्या पलीकडे धनगरांची वस्ती आहे. तिथे तेवीस मुले आहेत, एकाचीही देवी काढलेली नाही. प्रयागबाईने बिरदेवाकडून सांगून पाठवले आहे, की ‘डाक्टर येनार असंल तर मी संगं येते, दुसरा कुनी आला तर येनार न्हाय.’ तिने मला माफ केले असे नाही. तिने फक्त मला धरून ठेवले आहे.

तिसरी ता. क. – आणि राजीनामा एव्हाना साहेबांच्या सहीने मंजूर झालाच असेल, तर राहू द्या, खटपट करू नका. मात्र तसे कळवताना कार्डावर लिहू नका, पाकिटात घाला. कार्ड आले की आधी मंदाकिनी वाचते, आणि तिला झालेला आनंद मला समोर उभे राहून पाहवणार नाही.