जिवा कशासाठी पोहतोय?

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार

जिवा परत आलाय! बाजारात समोरासमोर गाठ पडली. अंगानं भरलाय, कानांवरचे केस पांढरे झालेत. इतकी वर्षं मुंबईला गोदीत पाणबुड्या होता म्हणे. बोटीच्या बुडाखाली जाऊन कामं करायचा.

मला म्हणाला, "बऱ्या आहात ना, बाई?"

बाई! शाळेतल्या पोरी म्हणतात ते ठीक आहे. हा माणूस एके काळी मला कमू म्हणायचा नि आमच्या वडिलांकडे, ते असताना, मागणीही घालून गेला होता. मी बरी आहे म्हटलं नि वांगी न घेताच घरी आले. नवसू वांग्यांसाठी रुसून बसला. तिशीला टेकलाय माझा भाऊ, पण समज अजून सात-आठ वर्षांच्या पोराची. शेवटी त्याला पापड भाजून दिला, तेव्हा हसला.

१८ नोव्हेंबर

कळलं, काय चाललंय ते. आज जिवा शाळेत आला होता, आमच्या हेडबाईंना भेटायला. मी शेजारच्या वर्गात. मुलींना शुद्धलेखन घातलं आणि कान तिकडे ठेवले.

संस्थान गेल्यापासून राजाच्या घोड्यांची पागा रिकामीच पडलीय. तिच्या दोन खोल्या मामलेदारांनी त्याला वापरायला दिल्यात. तिथे म्हणे भोळ्या माणसांचं घर काढायचं. लहान पोरांचं नाही. वाढलेल्यांचं — ज्यांचं अंग मोठं झालं आणि समज मागे राहिली, त्यांचं. त्यांनी तिथे राहायचं, टोपल्या विणायच्या, परसात भाजी लावायची. मुंबईत त्यानं असं एक घर पाहिलंय. आणि हे घर चालावं म्हणून हा गडी आपल्या जव्हारच्या तळ्यात पोहणार! या काठापासून त्या काठापर्यंत, थकून थांबेपर्यंत फेऱ्या मारणार. लोकांनी फेरीमागे ओंजळभर नागली किंवा भात द्यायचा. हेडबाई एकदम खूश. "किती उदात्त!" म्हणाल्या. त्यांना काय, त्या पुण्याच्या.

उदात्त कसलं? मला सगळं कळतं. मागणी घातली तेव्हा मी एकच अट सांगितली होती — नवसू माझ्याबरोबर येईल. तेव्हा हाच जिवा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. हो नाही की नाही नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला निघून गेला. आता नऊ वर्षांनी आधी नवसूची सोय लावायची, मग बाई मोकळ्या! एवढा साधा डाव मला कळणार नाही असं वाटलं की काय याला?

२१ नोव्हेंबर

नवसू संध्याकाळी घरी आला तो ओल्या केसांनी. कुठे भिजलास म्हटलं तर म्हणाला, "पाऊस." बाहेर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता!

नवसू माझ्याशी खोटं बोलला. आजवर कधी बोलला नव्हता. त्याला ते येतच नाही. कुणीतरी शिकवल्याशिवाय येणार नाही.

२३ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर तडक पागेत गेले. जिवा भिंतींना चुना लावत होता. चुन्याची बादली कुणाच्या हातात? आमच्या नवसूच्या. नाकावरसुद्धा चुना. मला पाहून बादली खाली ठेवली नि जिवाच्या मागे जाऊन उभा राहिला. माझा भाऊ, माझ्यापासून लपायला, त्याच्या मागे!

मी सरळच विचारलं, हे घराचं खूळ तुमच्या डोक्यात कुणी घातलं?

"ते सांगायचं नाही असं कबूल केलंय, बाई."

"कुणाला?"

पुन्हा अंगठ्यानं जमीन. मग मीही मागेपुढे पाहिलं नाही. माझ्याबद्दल काही मनात असेल तर असं आडून आडून नको, तोंडावर बोला, म्हटलं. त्याचा चेहरा लाल झाला. तसं काही नाही म्हणाला. आणि ते खरं वाटलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे!

पण मग कबूल केलंय ते कुणाला? याच्या मागे कुणीतरी आहे. हेडबाई असतील का? मागे एकदा म्हणाल्या होत्या, कमूताई, भावामुळे तुमचं बाहेरगावचं ट्रेनिंग राहून गेलं.

२८ नोव्हेंबर

पोशेऱ्याच्या पाड्यावरची गंगी मोळी घेऊन आली. एकटीच. नेहमी तिच्याबरोबर बुधी असते, तिची लेक. बुधी पंचवीस वर्षांची आहे, पण आमच्या नवसूच्याच पंथातली. दोघं ओट्यावर बसून चिंचोके खेळतात. बुधी कुठे म्हटलं तर गंगी आधी दाराबाहेर डोकावली. मग हळूच म्हणाली, जामसरला मामाकडं लपवलीय.

"का गं?"

"तो जिवा पाड्यापाड्यानं फिरतो, बाई. कोनाच्या घरात भोलं मानूस हाय, इचारतो. कशाला इचारल? खाली नदीवर धरन बांधतात. बांध टिकत नाय मानूस दिल्याबिगर."

मी हसले. म्हटलं, मग तो पोहतो कशाला?

"पान्याला कौल लावतो. फेऱ्या घालून इचारतो, तुला कोन पायजे. पानी काय सांगल ते त्यालाच कलल."

मुलींना मी बाष्पीभवन शिकवते. गंगीला समोर बसवून सगळं खोडून काढायला हवं होतं. धरण सिमेंटनं उभं राहतं, माणसानं नाही, एवढं तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मोळी उतरवून घेतली, चहा दिला आणि म्हटलं, सांभाळून राहा. पोशेऱ्याचे लोक जिवाला दाणा देणार नसतील तर नसू देत. माझं काय जातं?

२ डिसेंबर

नवसू रोज संध्याकाळी पागेत. रागावले की ऐकून घेतो, दुसऱ्या दिवशी परत जातो.

५ डिसेंबर

गंगीची गोष्ट मोखाड्यापर्यंत पोचली म्हणे. पाड्यांवर कुणी जिवाला दारात उभं करत नाही. जव्हारातले लोक हसतात. आमच्या गल्लीतली तुळशीकाकू म्हणाली, पोहायला काय, म्हशीही पोहतात.

दुपारी जिवा आमच्या दारात. आत आला नाही. ओट्याखालीच उभा राहून म्हणाला, "पोशेऱ्याच्या बायांना तुम्ही सांगाल का? तुमचा शब्द मानतात त्या."

मी का सांगू? आधी तुम्ही मला सांगा कुणाच्या सांगण्यावरून हे चाललंय, म्हटलं. पुन्हा तेच, कबूल केलंय! मग मी म्हटलं, निदान शपथ घ्या, नवसूला माझ्यापासून नेणार नाही म्हणून.

"नवसूला कुणी नेणार नाही, बाई. जायचं असलं तर तो आपणहून जाईल."

ऐकून अंगाची आग आग झाली. आपणहून! ज्याला अजून सदऱ्याची बटणं वरखाली लागतात, तो आपणहून जाणार! ज्यानं एकदा त्याच्या नावावर तोंड फिरवलं, त्यानं मला हे सांगावं? तेरा तारखेला, पोहण्याच्या दिवशी, नवसू तळ्याकडे फिरकणार नाही, असं ठणकावून सांगितलं आणि आत आले. चुलीवरचं वरण उतू गेलं होतं. तेही त्याच्याच नावावर.

१२ डिसेंबर

उद्या पोहणं. नवसूला घराबाहेर सोडायचं नाही. शिरा करीन.

१३ डिसेंबर, रविवार

शिरा खाल्ला, वाटी धुऊन पालथी घातली आणि नवसू निघाला. मी दंड धरला. त्यानं ओढून घेतला नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, मला दुखू नये अशी. "जिवाला गरम पानी कोन देल?" म्हणाला. आणि गेला. मी चपला शोधत बसले नि मग अनवाणीच त्याच्या मागे.

तळ्यावर थंडी मी म्हणत होती. जव्हारातले लोक काठावर, खाऊच्या पुड्या घेऊन, जत्रेला आल्यासारखे. पाड्यांवरचे मात्र वर टेकाडावर, लांब. आले होते सगळे! घाबरतही होते आणि पाहायचंही होतं. त्यांच्यात एकही भोळं माणूस नव्हतं. काठावर एकटा नवसू. शेगडीवर गुळाच्या पाण्याचं भांडं. जिवा काठाला लागला की नवसू त्याला पेला द्यायचा आणि आंब्याचं एक पान टोपलीत टाकायचा. तोच फेऱ्यांचा हिशोब. चुकला नाही. कुणी त्याला हसलं तरी टोपलीवरची नजर हलली नाही.

मी लांब उभी राहून पाहत होते. मला वाटत होतं, आता हा बाहेर येईल, हार घालून घेईल, भाषण करेल. तो नुसता पोहत राहिला. दुपार कलली. पुड्या संपल्या, लोक घरी जाऊ लागले. जिवाचे ओठ निळे पडले. पेला आता नवसूच त्याच्या तोंडाला लावत होता. आता पुरे म्हणून हेडबाईंनी ओरडून सांगितलं. तो पुन्हा फेरीला वळला.

आणि तळ्याच्या मध्यावर थांबला. हात थांबले. नुसतं डोकं दिसत होतं, मग तेही दिसेना.

गंगी टेकाडावरून कधी खाली आली कुणास ठाऊक. माझा दंड तिनं घट्ट धरला. "घेतला, बाई. घेतला पान्यानं."

खरं सांगायचं तर, महिनाभर ज्याच्या नावानं बोटं मोडली तो बुडतोय, आणि मला एवढंच सुचत होतं की याचं उत्तर आता मला कोण देणार? छे! तसंही नाही. मला तो मरायला नको होता. एवढंच.

फक्त नवसू घाबरला नव्हता. तोंडाभोवती हात धरून त्यानं हाक मारली — "जिवा, पाठीवर! पाठीवर ये!" रोज संध्याकाळी त्या दोघांनी पाण्यात काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. थोड्या वेळानं पांढरं काहीतरी पाण्यावर आलं. जिवाची छाती. उताणा पडून, पाय हलवत हलवत तो काठाला आला. नवसूनं त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि टोपलीत पान टाकलं.

गंगी पुढे झाली. जिवाचा हात चाचपला, नाकापुढे तळवा धरला. मग टेकाडाकडे वळून मोठ्यानं सांगू लागली, "पान्याला मानूस नको हाय! हाती आलेला परत दिलान!"

टेकाडभर एकच गलका. आता तरी मी सांगायला हवं होतं की पाण्यानं काही दिलं नाही, तो उताणा पोहत आला. आजही नाही सांगितलं. आजचं कारण निराळं होतं.

१६ डिसेंबर

धान्य यायला लागलंय! पोशेऱ्याहून, जामसरहून, अगदी लांबच्या पाड्यांवरूनही. नागली, वरी, भात. डोक्यावर टोपल्या घेऊन बाया येतात, पागेच्या ओसरीवर ओततात, जिवाला डोळे भरून पाहतात आणि जातात. कौल लागलाय ना! पाण्यानंच भोळ्यांना सोडलं म्हटल्यावर भीती कशाची? गंगी बुधीला घेऊन आली. बुधी आणि नवसू ओसरीवर नागलीच्या राशीशेजारी बसून चिंचोके खेळत होते. कामाच्या नावानं शून्य, दोघंही.

बघून बरं वाटलं. पण मनातलं जात नाही. हेडबाईंना आडून आडून विचारलं, त्यांना काहीच माहीत नाही. मग कोण? नवसूला विचारलं तर तो कडेला बघतो. माझ्या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी ठरलंय आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, मला सोडून.

१९ डिसेंबर

नवसू म्हणाला, आठवड्यातून दोन रात्री तिकडे झोपू? बुधी झोपते.

नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही. उद्या जिवाला शेवटचं विचारणार. नाव सांगितलं नाही तर नवसूचं पागेत जाणं बंद, म्हणजे बंद!

२० डिसेंबर

विचारलं. नवसूचं येणं बंद करीन म्हटल्यावर जिवानं सांगितलं. मागे कुणीच नव्हतं. दिवाळीला तो पोशेऱ्याला आला होता, परत मुंबईला जायला इथल्या एस. टी.च्या थांब्यावर उभा होता. तिथे नवसूनं त्याची बाही धरली नि विचारलं, "ताय मेली म्हंजे मी कोनाकडं राहू?" ती गाडी त्यानं सोडून दिली. आणि नवसूनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं — "तायला नको सांगू. ती रडल."

घरी आले, पानं घेतली. रडले नाही. नवसू समोर बसून जेवत होता.