तांब्याचं कडं आणि ओली जमीन

४ जुलै

मिस्त्री! सगळ्यांसमोर मला 'मिस्त्री' म्हणाला. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, आमच्या घरी राहून शिकला, आता आमच्याच कारखान्यात इंजिनिअर. घरी दाजी आणि कारखान्यात मिस्त्री. बरं!

कारण काय, तर कडं. डोंगराच्या उतारावर बसवायचे चाळीस संच आम्ही बनवतो आहोत. माती सरकू लागली की संचाने बिनतारी हाक द्यायची. पायथ्याच्या चौकीत राखणदाराच्या कानात टिकटिक झाली की त्याने भोंगा वाजवायचा आणि खालच्या वस्तीने घरं सोडायची. ही हाक बाहेर पडते तांब्याच्या नळीच्या एका गोल कड्यातून. तोच संचाचा अँटेना. मी तो छातीच्या उंचीवर आडवा बसवला होता. मेव्हण्याने वीतभर उंचीवर आणला. वाऱ्याने मोडेल म्हणे.

मीटर लावला. काटा अगदी जिथे हवा तिथे. "बघा! खाली आणल्यावर जुळणी उलट सुधारली."

मी म्हणालो, सुधारली नाही, जमीन खातेय.

"जमीन काय खाते, मिस्त्री? गावच्या शाळेत शिकवलं वाटतं?"

हसले सगळे. पॅकिंगवाल्या बाईसुद्धा.

५ जुलै

जपाला बसलो तर त्याचं हसणंच कानात. माळ अर्ध्यावर ठेवली.

७ जुलै

आज मागच्या अंगणात स्वतः मोजलं. उंचावर कड्याचा विजेला विरोध अगदी थोडा, आणि सूर इतका नेमका की जुळणीचं चाक खटकाभर फिरवलं तरी निसटतो. जसजसं कडं खाली, तसतसा विरोध वाढतो. वीतभर उंचीवर चौपट झाला. सूर सरकला, पसरट झाला. आता चाक कसंही फिरवा, चालतं. मेव्हण्याला हाच पसरटपणा गुण वाटतो.

वाढलेला विरोध कड्याचा नाहीच. कड्यातल्या प्रवाहामुळे खालच्या मातीतही प्रवाह फिरू लागतात आणि माती नुसती कोमट होते. मीटर एवढंच सांगतो की शक्ती परत आली नाही. परत आली नाही म्हणजे पोहोचली, असं कुठे आहे?

हे शाळेत नाही शिकलो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करताना हाताला कळलं. पण हाताला पदवी नसते.

९ जुलै

बायको म्हणाली, "एका बांगडीएवढ्या वस्तूवरून दोघं किती ताणणार?"

"बांगडी नाही ती. दोन हात रुंद आहे."

"तेच ते. लहान आहे हो तो."

"चाळिशी गाठली त्याने! आणखी किती दिवस लहान?"

"तुमच्यापेक्षा लहानच राहणार." आणि पोळी ताटात आपटली. माझ्याच ताटात.

११ जुलै

लांबची चाचणी. कारखान्याच्या चौकीदाराला हाक ऐकायचं कानयंत्र देऊन पुलापलीकडे उभं केलं. कडं वीतभर उंचीवर. फोन आला: "येतंय साहेब, खणखणीत!" मेव्हण्याने फोन मुद्दाम माझ्या कानाला लावला. "ऐका, मिस्त्री. जमिनीचं पोट भरलं वाटतं."

मालकांनी त्याची पाठ थोपटली. संच डोंगरावर रवाना. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

रात्री त्याचं वाईट व्हावं असं मागितलं. देवाकडे! एवढी वर्षं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

१३ जुलै

उत्तर सापडलं! सायकल पुसताना. आठवडाभर ऊन होतं. अंगणातली माती कोरडी ठणठणीत, आणि कोरडी माती ओलीएवढी खात नाही. पण डोंगर सरकतो कधी? भिजल्यावर! ज्या दिवशी हाक लागणार, त्याच दिवशी जमीन सगळ्यात जास्त खाणार.

एवढी साधी गोष्ट. शिकलेल्याला सुचली नाही.

आनंद झाला, हे लिहून ठेवतो. वस्तीची काळजी नंतर वाटली. आधी आनंद.

१५ जुलै

सुट्टीचा दिवस. अंगणात टँकरचं पाणी सोडलं, माती चिखल होईपर्यंत. चौकीदार पुलापलीकडे. वीतभर उंचीवर: "नुसती खरखर आहे, काका." छातीच्या उंचीवर: "आता येतंय!" वेळेसकट कागदावर लिहिलं, चौकीदाराची सही घेतली.

१६ जुलै

मालकांच्या टेबलावर कागद ठेवला. मेव्हणाही होता. त्याने तो कितीतरी वेळ वाचला. मग म्हणाला, "दाजी, माझ्यासमोर परत एकदा करू या का?"

कारखान्यात पहिल्यांदा दाजी!

मी म्हणालो, "म्हणजे मी खोटारडा?"

"तसं नाही हो—"

"मग कसं?"

मालक म्हणाले, पुरे. सगळे संच काढून आणा, उंच खांब बनवा. तीन आठवडे लागतील. आणि मेव्हण्याकडे न बघता, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

१७ जुलै

त्याची खुर्ची रिकामी. दिवसभर हात हलके चालले. पॅकिंगवाल्या बाई म्हणाल्या, "मिरवा आता." मिरवलो.

१९ जुलै

शेवटचा संचही आला. डोंगर उघडा आहे. परवापासूनचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

मालकांना विचारलं, खांब लवकर होणार नाहीत का? "घाई कशाला? तुम्हीच म्हणालात ना, होते ते कुचकामी होते."

२१ जुलै

जप नाही. तिसरा दिवस.

२३ जुलै

मेव्हणा सकाळी घरी आला. दाढी वाढलेली. भांडायला आला असेल म्हणून उठून उभा राहिलो, तर खाली बसला आणि म्हणाला, "दाजी, तुमचं बरोबर होतं. पुस्तकात होतं सगळं, ओल्या जमिनीचं. वाचलंही होतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकलं नाही." मग म्हणाला, "वस्तीतली माणसं मेली असती माझ्या हातून."

बायको रडायला लागली. मी 'असू दे' म्हणालो. असू दे!

२४ जुलै, सकाळ

मीठ टाकलं होतं. त्या दिवशी टँकरच्या पाण्यात, अर्धं पोतं. त्याआधी साध्या पाण्याने माती भिजवून बघितलं होतं. वीतभर उंचीवरूनही आवाज येत होता. बारीक, पण टिकटिक मोजता येत होती. भोंगा वाजवायला तेवढी पुरली असती. तेवढ्याने मेव्हणा हरला नसता, म्हणून मीठ; खारी ओल जास्त खाते. या वहीशीसुद्धा खोटं बोललो.

पाऊस चालूच आहे. डोंगरावर एकही संच नाही. मेव्हणा रात्री इथेच राहिला, बाहेरच्या खोलीत चहा पितोय. ही वही घेऊन त्याच्याकडे जातो. मग दोघं मालकांकडे, असतील तसे संच आजच वर न्यायला.